दोनशे अकरा आणि दोनशे बाराच्या मध्ये

१

सोमवारी सकाळी मी लाल कपाट उघडलं आणि त्यात जी फाईल असायला हवी होती, ती नव्हती.

ऐकायला साधी गोष्ट वाटते. मला नाही वाटली. बावीस वर्षं मी या हॉस्पिटलच्या तळघरात रेकॉर्ड सांभाळते आहे. वरची माणसं मला तोंडावर ‘बाई’ म्हणतात आणि पाठ फिरली की ‘वाळवी’ म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. म्हणेनात का! या बावीस वर्षांत पाच सुपरिटेंडेंट आले आणि गेले, एकदा पाइप फुटून गुडघाभर पाणी साचलं, पण माझ्या खोलीतून कागद हरवला नाही. याचा मला गर्व होता, आणि तो मी कधी लपवलाही नाही.

आमच्याकडे दोन तऱ्हेच्या फायली असतात. मारामारी, रस्त्यावरचा अपघात, भाजणं, विष, म्हणजे जिथे पोलिसांना कळवायचं असतं, त्या फाईलच्या कव्हरवर अपघात विभागातली सिस्टर लाल पट्टी चिकटवते. पट्टीवर छापील नंबर असतो, आणि पट्ट्यांचं बुक माझ्याच टेबलावरून वर जातं. लाल फायली मी कुलपात ठेवते. कोर्टाने सोडल्याशिवाय त्यांना कोणी हात लावत नाही. बाकीच्या पांढऱ्या, त्या उघड्या मांडणीवर.

काउंटरपलीकडे उभी असलेली बाई तिशीची होती. बोटांच्या टोकांना पांढरी पूड लागलेली. चष्म्याच्या दुकानात काचा घासते म्हणाली. तिच्या हातात कोर्टाचा हुकूम होता. चौदा महिन्यांपूर्वीची एक तारीख, सकाळी साडेनऊची वेळ, आणि खाली लिहिलेलं की या पेशंटचे मूळ कागद गुरुवारी अकरा वाजता हजर करावेत.

“लाल केस होती?” मी विचारलं.

“हो. डॉक्टरांनी माझ्यासमोर लिहिलं, पोलिसांना कळवावं म्हणून. मला वाचूनही दाखवलं.”

मी तारीख काढली. पट्टी नंबर दोनशे अकरा, ट्रकखाली आलेला सायकलवाला, सकाळचे नऊ. त्याला लागून दोनशे बारा, गॅसच्या भडक्यात भाजलेला आचारी, दुपारचा एक. दोन्हींच्या मध्ये काहीच नव्हतं. मी आख्खा खण खाली उतरवला, एकेक कव्हर उलटून पाहिलं.

“बसा हो, वेळ लागेल,” मी म्हटलं.

“नको, उभीच बरी. बसवत नाही मला फार वेळ.”

“कधीपासून?”

“तेव्हापासूनच.”

मग तिने सांगितलं. रडली नाही, आवाजही चढवला नाही. दुकानात गिऱ्हाइकाला चष्म्याचा नंबर सांगावा तसं सांगितलं. “मला ताप होता. नको म्हणत होते. तो कधीच ऐकायचा नाही, त्या दिवशी जास्तच झालं. आतून फाटलं. इथे टाके घातले, ते पिकले, परत येऊन नऊ दिवस पडून होते. अजून लघवीवर ताबा राहत नाही. दुकानात जादा कपडे ठेवते.”

“पोलिसांत तक्रार?”

“वकीलबाई म्हणाल्या, नवऱ्याने केलं तर आपल्याकडे त्याला तो गुन्हा म्हणतच नाहीत. पण मला शिक्षा नकोय हो त्याला. मला फक्त वेगळं राहायचंय. त्यानेच कोर्टात अर्ज केलाय, बायकोला घरी पाठवा म्हणून. मी गेले नाही तर मुलगी त्याच्याकडे जाईल. सहा वर्षांची आहे.” तिने रिकाम्या खणाकडे पाहिलं. “तो म्हणतो, काही झालंच नाही. त्या कागदाशिवाय माझ्याकडे दुसरं काही नाही, बाई.”

मी हुकूम पुन्हा हातात घेतला. अर्जदार पतीचं नाव आणि धंदा वाचला, आणि मला आठवलं की तीनच आठवड्यांपूर्वी हा माणूस याच खोलीत, माझ्याच खुर्चीत बसून माझ्या हातचा चहा प्यायला होता.

२

लिफ्टवाला. आमच्या लिफ्टची देखभाल त्याच्याकडे आहे आणि लिफ्टचा खड्डा माझ्या खोलीला खेटून आहे. त्यामुळे महिन्यातून एकदा तरी त्याचं ‘मावशी, येऊ का आत?’ ऐकू यायचं. गोड बोलणारा, कामाला वाघ. माझा पंखा त्यानेच नीट करून दिला, आणि एक पैसा घेतला नाही. मला तो आवडायचा. हे सांगताना आज मला माझीच लाज वाटते, पण आवडायचा.

तीन आठवड्यांपूर्वी मी जुन्या कागदांची वार्षिक छाटणी काढली होती. नऊ पोती भरली, आणि नेमकी लिफ्ट बंद पडली. तो आला, दोन तास खड्ड्यात उतरून बसला. मधे मला वरून बोलावणं आलं आणि मी दहा मिनिटं गेले. लाल कपाटाची किल्ली टेबलावर राहिली होती.

दहा मिनिटं पुष्कळ झाली. चोर हाताशी होता, कारण होतं, संधी मीच दिली होती. मी मनाशी निकाल लावून मोकळी झाले.

पण बावीस वर्षांची शिस्त अशी एका दमात सुटत नाही. तो कागद नसण्यात आणखी कोणाचा फायदा होता? लिहिणारे डॉक्टर महिनाअखेर खासगी हॉस्पिटलात चालले होते. कोर्टाची झेंगटं त्यांनाही नको असणार. आणि मला आणखी एक बाई आठवली. दोन महिन्यांपूर्वी ती काउंटरवर येऊन दबक्या आवाजात म्हणाली होती, “माझ्या मुलीचे कागद आहेत तुमच्याकडे. फाडून टाकता येतील का?” मी तिला दाराबाहेर काढलं होतं.

मंगळवारी सकाळी तीच बाई आपणहून समोर येऊन उभी राहिली. चष्मेवालीची आई.

“मिळाला का हो कागद?”

“नाही.”

“बरं झालं,” ती पटकन बोलून गेली, आणि लगेच तोंडावर हात ठेवला. “नाही, नाही. मिळू दे. मी काय बोलते माझं मलाच कळत नाही. धाकटीचं लग्न व्हायचंय अजून. तिच्या लग्नात हा कागद कोणी काढला तर? पण थोरली रोज उभ्याने जेवते, ते बघवत नाही.”

“तुम्ही नेलात का तो?”

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला विचारल्याचा पश्चात्ताप झाला. “मला वाचता येत नाही हो बाई. कुठला तिचा आणि कुठला दुसऱ्याचा, मला काय कळणार?”

ते खरं होतं. अडीच हजार सारख्या फायलींतून एक उचलायची तर निदान नाव वाचता यायला हवं. आई सुटली. जाताना दारात थांबून ती म्हणाली, “माझ्या नवऱ्याचंही असंच होतं. मी कुठे कोणाला सांगितलं?”

मला तेव्हा फक्त चोर पकडायचा होता.

३

डॉक्टर आपल्या खोलीत पुस्तकं खोक्यात भरत होते. वय कोवळं, डोळ्यांखाली काळं. मी तारीख सांगताच त्यांचा हात थांबला.

“आठवते,” ते म्हणाले. “दोन पानं लिहिली होती मी. आकृती काढली होती. कुठे, किती लांब, किती खोल. तिने जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिलं. शेवटी लिहिलं, पोलिसांना कळवावे.”

“मग लाल पट्टी?”

“पट्टी मी लावत नाही, सिस्टर लावतात. मी लिहितो आणि पुढच्या पेशंटकडे वळतो.”

“नंतर पोलीस आले होते तुमचा जबाब घ्यायला?”

“नाही. खरं म्हणजे एक-दोन दिवस मलाच नवल वाटलं होतं. मग कामाच्या रगाड्यात विसरलो.”

“गुरुवारी कोर्टात येऊन सांगाल हे सगळं?”

“कागद समोर ठेवा, अक्षर न् अक्षर सांगतो.” त्यांनी एक पुस्तक उगाच इकडचं तिकडे केलं. “कागदाशिवाय नाही, बाई. त्यांचा वकील विचारणार, त्या दिवशी किती पेशंट पाहिले? पाहिले होते सत्तर. मग ही एकच कशी आठवते? मी काय उत्तर देणार? माझं हसं होईल आणि तिचीही केस बुडेल.”

“पण तुम्हाला आठवतं ना?”

“आठवतं,” ते म्हणाले, आणि खोक्याला चिकटपट्टी लावू लागले.

मला त्यांचा संताप आला. पण संतापाने काही सिद्ध होत नाही. खोटं ते बोलत नव्हते. चोराला दोन पानं आणि आकृती असं बिनचूक सांगायची गरज नसते. म्हणजे पुन्हा बोट लिफ्टवाल्याकडेच जात होतं. खाली आले तर तो माझ्या दारातच उभा होता, हातात पाना घेऊन.

“मावशी,” तो हसून म्हणाला, “तुम्ही माझ्यावर चोरीचा आळ घेताय म्हणे?”

४

हॉस्पिटलात भिंतींना कान असतातच, आमच्याकडच्यांना तोंडंही आहेत. मी आडवळण घेतलं नाही.

“किल्ली टेबलावर होती. तू इथे एकटा होतास. फाईल गेली.”

तो रागावला नाही. उलट त्याला माझी कीव आली असावी. पाना स्टुलावर ठेवून तो समोर बसला.

“मावशी, मी कशाला चोरू? डॉक्टरने काय लिहिलं असेल? की टाके पडले. पडले. मी कुठे नाही म्हणतो? बायको आहे ती माझी. नवरा-बायकोत काय काय होतं, त्याचा का पंचनामा करायचा असतो?”

हे तो मला समजावत होता. लहान पोराला गणित समजवावं तितक्या शांतपणे. मी त्याच्या चेहऱ्यावर भीती शोधत होते, लाज शोधत होते. काहीच नव्हतं. ज्याला आपलं काही चुकलं असं वाटतच नाही तो पुरावा कशाला नाहीसा करील, हा विचार तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात आला.

“शिवाय,” तो उठत म्हणाला, “कागद नाही कसा? आहे की कागद. माझ्या वकिलाने रीतसर नक्कल काढली आहे, तुमच्याच हॉस्पिटलची, शिक्क्यासकट.”

“कशाची नक्कल?”

त्याने खिशातून घडी काढून माझ्यापुढे उलगडली. अपघात विभागाच्या रजिस्टरचं पान होतं. तीच तारीख, साडेनऊ वाजता, तिचं नाव. कारणाच्या रकान्यात एकच ओळ होती: बाथरूममध्ये पाय घसरून पडली.

तो गेल्यावर मी लाल कपाट उघडलं. दोनशे अकरा. दोनशे बारा. दोन दिवस मी या दोन फायलींच्या मधली रिकामी जागा बघत होते, आणि त्यांच्यावरचे नंबर बघायचं मला सुचलं नव्हतं. पट्ट्या छापील नंबराच्या. नऊ वाजता दोनशे अकरा चिकटवली, एक वाजता दोनशे बारा. साडेनऊला मधे एखादी पट्टी लागली असती, तर आचाऱ्याला दोनशे तेरा मिळाली असती.

कपाटातून काहीही चोरीला गेलं नव्हतं. ती फाईल लाल कधी झालीच नव्हती.

५

बुधवारी सकाळी मी अपघात विभागाचं रजिस्टर खाली मागवून घेतलं आणि दोन वर्षांची पानं चाळली. माझा एक नियम आहे. पेशंटच्या फाईलमधलं मी वाचत नाही. नाव, नंबर, तारीख, बस. लोकांचं दुखणं ही चघळायची गोष्ट नाही, असं मी नव्या मुलींना कायम सुनावत आले. रजिस्टरचा कारणाचा रकानासुद्धा मी या दिवसापर्यंत लक्ष देऊन वाचला नव्हता.

वीस ते चाळीस वयाच्या बायका, बाथरूममध्ये पडलेल्या. एक, दोन, पाच, अकरा. मोजत गेले तशा त्रेचाळीस झाल्या. एवढ्या बायका घसरतात तर या शहरातली सगळी बाथरूमं साबणाने सारवलेली असायला हवीत! आणि नवल असं की त्या घसरत फक्त सकाळपाळीला, एकाच सिस्टरच्या ड्युटीवर. ती रजेवर असली की सगळ्यांचे पाय जमिनीवर घट्ट. अक्षर सगळीकडे एकच होतं, गोल गोल, शाळेतल्यासारखं. ते अक्षर मी ओळखत होते. गेली सोळा वर्षं त्या अक्षराच्या मालकिणीबरोबर मी दुपारचा डबा खाते.

सिस्टर डबा घेऊन खाली आली तेव्हा मी रजिस्टर तिच्यापुढे उघडून ठेवलं. तिने एकदा पाहिलं आणि झाकण उघडायचं थांबली.

“कधीतरी कोणीतरी मोजणार, हे मला माहीत होतं,” ती म्हणाली. “तू मोजशील असं वाटलं नव्हतं.”

“का केलंस?”

“लाल पट्टी लावली की काय होतं, ठाऊक आहे तुला?”

“पोलीस येतात.”

“येतात. दोन तासांनी, चार तासांनी. तोवर तिला बाकावर बसवायचं. पोलिसांनी पाहिल्याशिवाय जखमेला हात लावायचा नाही, असा सुपरिटेंडेंट साहेबांचा तोंडी हुकूम. मग तो शिपाई येतो आणि सगळ्या वॉर्डासमोर विचारतो, कोणी केलं? ती म्हणते, नवऱ्याने. की तो वही मिटतो. ‘घरचं भांडण आहे, इथे लिहायचं काही नाही.’ आणि जातो निघून.” तिचा आवाज घट्ट झाला. “एक पोरगी माझ्या डोळ्यांदेखत त्या बाकावर गेली. बावीस वर्षांची. रक्त बाकाखाली साचलं होतं आणि आम्ही शिपायाची वाट बघत होतो. त्यानंतर मी ठरवलं. ‘पडली’ लिहायचं. पडलेल्या बाईला पाच मिनिटांत टेबलावर घेता येतं.”

तीन दिवस मी ज्या चोरावर दात धरला होता, तो माझ्यासमोर बसून डब्याच्या कडीशी चाळा करत होता.

“आणि ती कोर्टात गेली तर काय होईल, याचा विचार नाही केलास?”

“केला ना. डॉक्टरांच्या पानाला मी कधी हात लावला नाही. एक अक्षर खोडलं नाही, विचार हवं तर. फक्त पट्टी लावत नव्हते. आत सगळं खरं लिहिलेलं, जसंच्या तसं. पांढऱ्या कव्हरात.” ती माझ्याकडे बघून जरा हसली. “म्हटलं, कागद खाली तुझ्याकडे गेला की काळजी नाही. तू कधी हरवत नाहीस.”

म्हणजे फाईल होती! पांढऱ्या मांडणीवर, माझ्या पाठीमागे, दहा पावलांवर. मी उठलेही. मग मधेच थांबले.

“सिस्टर, ती बाई त्या दिवशी भरती झाली होती का?”

“नाही. टाके घातले, संध्याकाळी सोडली. नवरा आला होता न्यायला. का गं?”

६

पांढऱ्या फायलींचा नियम असा. भरती झालेला पेशंट असेल तर दहा वर्षं. त्याच दिवशी घरी गेलेला असेल तर एक वर्ष. वर्ष उलटलं की यादी करायची, सही करायची आणि पोत्यात भरायची.

यादी माझ्याच खणात होती. मी बोट फिरवत खाली आले. सातव्या पानावर, वरून चौथी ओळ. नंबर तिचा होता, तारीख तिची होती. ‘कालबाह्य, नष्ट.’ पानाखाली माझी सही, झोकदार, शेवटी दोन टिंबं देऊन केलेली. तीन आठवड्यांपूर्वीची.

मी ते कव्हर हातात धरलं असणार. धरल्याशिवाय नंबर उतरवता येत नाही. आतली दोन पानं, ती आकृती, ‘पोलिसांना कळवावे’ ही ओळ, सगळं माझ्या अंगठ्याखाली होतं, आणि मी उघडून पाहिलं नाही. कारण मी वाचत नाही. कारण लोकांचं दुखणं ही चघळायची गोष्ट नाही. असल्या किती बायका मी गेल्या बावीस वर्षांत पोत्यांत भरल्या, हे मोजायला मला आता कुठली यादी मिळणार?

आणि ती पोती वर न्यायला लिफ्ट नव्हती. लिफ्टवाल्याने ती चालू करून दिली. मी वरून परत आले तर म्हणाला, “मावशी, तुम्ही कशाला उचलता, कंबर जाईल,” आणि नऊच्या नऊ पोती त्याने स्वतः ट्रकमध्ये टाकली. आत काय होतं हे त्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

मी कागदगिरणीत फोन लावला. तिथला मुकादम हसला. “तीन आठवडे झाले बाई, त्याचे पुठ्ठे होऊन खोकीसुद्धा बनली.”

एक आशा उरली होती, ती नऊ दिवस भरती होती त्या खेपेची फाईल. ती मांडणीवर जागच्या जागी सापडली. पहिलीच ओळ रजिस्टरवरून उतरवलेली होती: ‘बाथरूममध्ये पडल्यानंतरच्या जखमेत पू.’

मी खुर्चीत बसले आणि रडले. बावीस वर्षांत त्या खोलीत पहिल्यांदाच.

७

गुरुवारी कोर्टात तो कागद सोडून बाकी सगळं होतं.

मी यादी दाखवली आणि सांगितलं की फाईल मी नष्ट केली. नवऱ्याच्या वकिलाने विचारलं, आत काय लिहिलं होतं? मी म्हटलं, मला माहीत नाही, मी वाचलं नाही. “मग हॉस्पिटलचं रजिस्टर वाचून दाखवा,” तो म्हणाला. मी ती ओळ भरल्या कोर्टात मोठ्याने वाचली. चष्मेवाली भिंतीला टेकून उभी होती. तिने मान खाली घातली नाही, माझ्याकडेच बघत राहिली.

डॉक्टर आले नाहीत. सिस्टर आली. नोकरी जाणार हे माहीत असून आली, ताठ उभी राहिली आणि सगळं सांगितलं, तो बाक, ती बावीस वर्षांची पोरगी, त्रेचाळीस बायका. वकिलाने तिचं शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे रजिस्टरमध्ये तुम्ही खोटं लिहिता?”

“त्यांच्या जिवासाठी लिहिलं.”

“हो की नाही?”

“हो.”

“मग आज या बाईसाठीही खोटं बोलत नाही कशावरून?”

मला वाटलं उठून त्या माणसाच्या कानाखाली जाळ काढावा. मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसले.

वकीलबाईंनी नवी तपासणी करून घेतली होती. व्रण होता, इजा होती, ताबा नव्हता, सगळं त्यात होतं. पण व्रण कशाने झाला हे चौदा महिन्यांनी कुठली डॉक्टरीण लिहून देणार? आणि जे झालं त्या वेळचा एकच कागद जगात उरला होता, तो नवऱ्याच्या खिशातला.

महिन्याभराने निकाल लागला. न्यायाधीशबाईंनी तो वाचताना चष्मा दोनदा काढला आणि पुसला. “माझ्यासमोर जो कागद आहे त्याच्यापलीकडे मला जाता येत नाही,” त्या म्हणाल्या. ते त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या की मलाच तसं वाटलं, कोण जाणे. तीस दिवसांत पत्नीने पतीच्या घरी परत जावं. न गेल्यास मुलीचा ताबा पित्याकडे. वर अपील करता येईल. वकीलबाई म्हणाल्या, त्याला दोन वर्षं लागतील, आणि तोवर मुलगी त्याच्याकडे.

बाहेर व्हरांड्यात लिफ्टवाला माझ्यापाशी आला. केस नीट विंचरलेले, नवा शर्ट. “थँक्यू, मावशी,” तो म्हणाला. मनापासून म्हणाला. मला त्याच्या तोंडावर थुंकता आलं नाही. मी नुसती बाजूला झाले.

चष्मेवाली जिन्यापाशी उभी होती. मुलगी तिच्या बोटाला धरून पायऱ्या मोजत होती. मी पुढे जाऊन हात जोडले. काय बोलायचं ते रात्रंदिवस घोकलं होतं, पण त्यातलं काहीच बाहेर आलं नाही.

“जाणार?” एवढंच विचारलं.

“मुलगी आहे ना,” ती म्हणाली.

मग तिने मुलीला चार पायऱ्या पुढे पाठवलं आणि आवाज खाली आणला.

“त्या सिस्टर आता कुठल्या पाळीला असतात?”

“काढलं तिला कामावरून,” मी म्हटलं. “साक्ष दिली त्याच आठवड्यात.”

“आणि नव्या आहेत त्या?”

मला सांगावंच लागलं. साहेबांनी लेखी हुकूम काढला होता, अपघात विभागाच्या दारावर चिकटवला होता. अशा प्रत्येक बाईला यापुढे लाल पट्टी लागेल, आणि पोलिसांचा शिक्का असल्याशिवाय कोणी हात लावणार नाही. यापुढे कागद हरवणार नाहीत. लाल कपाटात मी त्यासाठी एक खण रिकामासुद्धा करून ठेवला होता.

तिने ते सगळं नीट ऐकून घेतलं, लक्षात ठेवायचं असल्यासारखं.

“म्हणजे मी आले की बाकावर बसवतील,” ती म्हणाली. “मला तर बसवत नाही, बाई.”